पट फुगला, वर्ग रिकामाच!

मंडळी, आज जरा तिखट लिहायचं आहे. विषय छोटा वाटेल, मला तो तसा वाटत नाही. ईमेलने घरोघरी जाणारी जी वार्तापत्रं असतात, ती "वाढवण्याचा" एक धडाका सध्या सगळीकडे चालू आहे. आमच्या छत्रपती संभाजीनगरातही आहे. ज्येष्ठ नागरिकांचे संघ, निवृत्तांच्या संघटना, वाचनालयं, माजी विद्यार्थ्यांची मंडळं, सोसायट्या... सगळ्यांची आपापली पत्रं निघतात. निघावीत, चांगलंच आहे. पण वाढवायचं म्हणजे यादीत नावं कोंबायची, एवढाच अर्थ लावला जातो. माझं म्हणणं असं, की न विचारता घातलेलं नाव हा वाचक नव्हेच. आणि अशी नावं जितकी जास्त, तितकं ते पत्र खऱ्या वाचकापासून लांब जातं. कसं, ते सांगते.

आधी ही नावं गोळा कशी होतात ते बघा. तुम्ही व्याख्यानाला जाता. दारात टेबलावर वही असते. नाव, पत्ता, फोन, ईमेल. आपल्याला वाटतं हजेरी घेताहेत, म्हणून चष्मा काढून नीट अक्षरात लिहितो. पुढच्या महिन्यापासून पत्र सुरू! ते एकटं येत नाही. वही तीन ठिकाणी फिरलेली असते, म्हणून तीन पत्रं येतात. रक्तदान शिबिरात तेच, पुस्तक प्रदर्शनात तेच. बरं, पाठवणारे पुष्कळदा सगळ्यांचे पत्ते उघड्यावरच टाकतात. म्हणजे माझा पत्ता बाकीच्या चारशे जणांना आणि त्यांचा मला. त्या चारशेतला कोणीतरी विमा विकणारा असतोच. मग त्याचंही पत्र सुरू.

मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे हे सगळं बघून मला एकच गोष्ट आठवते, पटपडताळणी. तरुण वाचकांना ठाऊक नसेल म्हणून सांगते. आधी आमच्या मराठवाड्यातल्या नांदेड जिल्ह्यात आणि मग ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभरातल्या शाळांमध्ये सरकारी माणसं जाऊन बसली. पटावरची मुलं वर्गात खरोखर आहेत का, हे त्यांनी मोजलं. एकच मूल दोन शाळांत दाखवता येऊ नये म्हणून मुलांच्या बोटांना शाई लावली. आणि निघालं काय? पटावरची लाखो मुलं वर्गात सापडलीच नाहीत. कारण सरळ होतं. पटावर तुकड्या ठरायच्या, तुकड्यांवर शिक्षकांची पदं, त्यावर अनुदान. पट फुगवला की सगळंच फुगायचं. फक्त शिकणारी मुलं तेवढी वाढत नव्हती.

वार्तापत्राचंही नेमकं हेच झालं आहे. आकडा मोठा दाखवला की जाहिरात मिळते, प्रायोजक मिळतो, वार्षिक अहवालात एक झोकदार वाक्य लिहिता येतं. फक्त इथे पडताळणीला कोणी येत नाही, आणि बोटाला शाईही लागत नाही.

यावर ठरलेलं उत्तर असतं: "अहो बाई, फुकट तर पाठवतो! नको असेल त्याने वाचू नये. कोणाचं काय बिघडतं?"

बिघडतं. दोन तऱ्हेने बिघडतं.

पहिली तऱ्हा तांत्रिक आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने (आता तो स्वतःच पन्नाशीला आलाय!) मला ती नीट समजावून सांगितली, तशीच तुम्हाला सांगते. नको असलेलं पत्र आलं की माणूस काय करतो? यादीतून नाव काढण्याची सोय एकतर पत्रात नसते, किंवा तळाशी इतक्या बारीक अक्षरात असते की दिसत नाही. मग तो सरळ "स्पॅम"चं बटण दाबतो. जीमेलवाले हे मोजत असतात. त्यांचा नियम असा आहे, की पाठवणाऱ्याच्या पत्रांविरुद्ध अशा तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांपर्यंत जाता कामा नये. ०.१ च्या खाली राहिलेलं उत्तम. म्हणजे हजार पत्रांमागे तीन माणसं वैतागली तरी तुमची पत रसातळाला! आणि पत गेली की पत्र कोणाच्याच समोर येत नाही. ज्याला ते मनापासून हवं होतं, त्याच्याकडेही ते कचऱ्याच्या खणात जाऊन पडतं. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी आणखी कडक धोरण धरलं. दिवसाला पाच हजारांवर पत्रं जीमेलकडे पाठवणाऱ्याने आपली ओळख तांत्रिकदृष्ट्या सिद्ध केली पाहिजे, आणि अशा पत्रात एका टिचकीत नाव काढण्याची सोय दिली पाहिजे. लहान पाठवणाऱ्यांनाही ओळखीचा आणि तक्रारींचा नियम आहेच. आणि साध्या, फुकटच्या जीमेल खात्यावरून दिवसाला पाचशेच्या वर लोकांना पत्र पाठवताच येत नाही.

म्हणजे लक्षात घ्या, न विचारता घातलेल्या नावाची किंमत तो नकोसा माणूस देत नाही. तो बटण दाबून मोकळा होतो. किंमत देतो तो हवासा वाचक.

दुसरी तऱ्हा माणसांची आहे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ आहेत, पंच्याऐंशीच्या घरातले. एकटे राहतात. मुलगा परदेशी. निवृत्तिवेतन घेणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे की नोव्हेंबर आला की हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करायचं. बँकेत जाऊन सही करा, नाहीतर नोव्हेंबर २०१४ पासून जी "जीवन प्रमाण"ची सोय निघाली आहे तिच्यावरून घरबसल्या द्या. दिला नाही तर पेन्शन थांबते. हे गृहस्थ एका संघटनेच्या पत्रावर विसंबून होते, कारण ती दरवर्षी आठवण करते. त्या वर्षीही केली होती. पण ती सूचना बावीस पानांच्या पीडीएफमध्ये सतराव्या पानावर! आधी अध्यक्षांचं मनोगत, मग सत्काराचे फोटो, मग सहलीचे फोटो, मग वाढदिवसांची यादी. आणि ते सगळं बाड त्यांच्या स्पॅमच्या खणात पडलेलं. पेन्शन थांबली. पुढे कागद दिल्यावर थकबाकीसकट मिळाली, पण मधले दोन महिने त्या माणसाने औषधांची गोळी मोडून अर्धी अर्धी घेतली. कोणाला सांगितलंही नाही. मला कळलं ते त्यांच्या कामवाल्या मावशींकडून.

आता म्हणा, कोणाचं काय बिघडतं!

पत्र काढणाऱ्यांचं आणखी एक आवडतं शस्त्र म्हणजे "किती जणांनी उघडलं" याचा आकडा. पत्रात एक डोळ्याला न दिसणारं चित्र ठेवतात. ते चित्र उतरवून घेतलं गेलं की पत्र उघडलं असं समजायचं. पण २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेलमध्ये अशी व्यवस्था आणली, की वाचणाऱ्याने पत्र उघडो न उघडो, ती चित्रं आधीच उतरवून घेतली जातात. म्हणजे ज्याने पत्राकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तोसुद्धा "उघडलं"मध्ये मोजला जातो. वर्गात मुलगा नाही आणि यंत्र "हजर" म्हणतंय. या आकड्यावर सत्कार कसले घेता?

बरं, वाचक वाढवणं ही काही नवी विद्या नाही. आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वी लोकांनी ती करून दाखवली आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी "किर्लोस्कर खबर" काढलं. काय होतं ते? नांगर बनवणाऱ्या एका कारखान्याचं वार्तापत्र! आजच्या भाषेत कंपनीचं न्यूजलेटर. ते नुसत्या कारखान्याच्या बातम्या सांगत बसलं असतं, तर चार वर्षांत लोक विसरले असते. पण त्यात उद्योग आला, विज्ञान आलं, समाजसुधारणा आली, साहित्य आलं. पुढे ते "किर्लोस्कर" मासिक झालं. १९३० मध्ये "स्त्री" आणि १९३४ मध्ये "मनोहर" ही भावंडं आली, आणि मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्या त्यावर वाढल्या. ते पत्र वाढलं, कारण त्याने स्वतःबद्दल बोलणं कमी करून वाचकाबद्दल बोलायला सुरुवात केली. आमच्या संस्थांची पत्रं उघडून बघा. किती पानं वाचकासाठी आणि किती पानं कार्यकारिणीसाठी, मोजा एकदा.

त्याच वर्षी, ३१ जानेवारी १९२० ला, बाबासाहेब आंबेडकरांचं "मूकनायक" निघालं. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. "केसरी"ने त्याची जाहिरात पैसे देऊ केले तरी छापली नाही. ज्यांच्यासाठी पत्र काढायचं त्यांच्या हातात ना पैसा, ना अक्षर. ते १९२३ ला बंद पडलं. पुढे १९२७ ला "बहिष्कृत भारत" काढलं, तेही पैशाच्या ओढाताणीत १९२९ ला थांबलं. आकड्यांवरच मोजायचं तर ही दोन्ही पत्रं नापास. पण आज त्यांचं नाव घेतल्याशिवाय मराठी पत्रकारितेचा इतिहास लिहिता येतो का? वाचकसंख्या हा एक आकडा झाला. वाचकाच्या आयुष्यात त्या पत्राने काय हललं, हा दुसरा हिशोब. दुसरा हिशोब अहवालाच्या चौकटीत बसत नाही, म्हणून तो कोणी मांडतच नाही.

आणि एवढं लांब तरी कशाला जायचं? आपल्याच गावात डॉ. गंगाधर पानतावणे यांनी "अस्मितादर्श" हे त्रैमासिक साठच्या दशकाच्या अखेरीपासून अर्धशतकभर चालवलं. मार्च २०१८ मध्ये ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री जाहीर झाली होती. त्यांनी वाचक कसे वाढवले? गावोगावी अस्मितादर्शचे लेखक-वाचक मेळावे घेतले. वाचक समोर येऊन बसायचे, बोलायचे, वाद घालायचे. त्या वाचकांतूनच लिहिणारे तयार झाले, आणि दलित साहित्याच्या कितीतरी लेखकांना पहिलं अंगण तिथे मिळालं. हे आहे वाढणं! वाचकाचा लेखक होणं, ही कुठल्याही पत्राच्या वाढीची सगळ्यात मोठी पायरी. वहीतून उचललेल्या पत्त्यातून असा एक तरी लेखक निघेल का?

जुना शब्द किती नेमका होता बघा: वर्गणीदार. माणूस खिशातून चार पैसे काढायचा, मनीऑर्डर करायचा, म्हणजे त्याला ते हवं असायचं. अंक आला नाही तर पोस्टकार्ड टाकून विचारायचा. पोस्टकार्ड आलं म्हणजे संपादकाला कळायचं की कोणीतरी वाट बघतंय. आता पैसे नकोत, ठीक आहे. पण निदान "हो" तरी हवं ना? आपल्या देशात २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू करायचं ठरलं. त्यात संमतीबद्दल स्वच्छ म्हटलं आहे की ती मोकळेपणाने, समजून-उमजून आणि नेमक्या कामासाठी दिलेली असावी, आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं असावं. मला कायद्याचा बडगा दाखवायचा नाही. जी गोष्ट साध्या सभ्यतेने कळायला हवी होती, ती संसदेला लिहून द्यावी लागली, एवढंच म्हणते.

हे सगळं मी एका संस्थेच्या बैठकीत मांडलं. (नाव सांगत नाही, तिथली माणसं वाईट नाहीत.) चिटणीस अभिमानाने सांगत होते, "आपलं पत्र साडेतीन हजार लोकांना जातं." मी विचारलं, मागच्या वर्षभरात किती जणांनी उलट पत्र लिहिलं? मोजल्यावर आठ निघाले. त्यातल्या तिघांनी "कृपया पाठवू नका" असं लिहिलं होतं, आणि त्यांनाही पत्र अजून जातच होतं! मी सुचवलं की सगळ्यांना एक साधं पत्र पाठवू: आपल्याला हे हवं आहे का? हवं असेल तर नुसतं "हो" लिहा. तीनदा विचारून ज्यांचं उत्तर येणार नाही, त्यांची नावं काढू. सभागृहात असा सन्नाटा, जणू मी संस्था विकायला काढली.

मग हरकती आल्या. त्यातली एक खरोखर विचार करण्यासारखी होती, म्हणून ती इथे मांडते. एक जण म्हणाले, "बाई, आपले निम्मे सभासद सत्तरीच्या पुढचे. त्यांना पत्र हवं असतं, पण उत्तर कसं लिहायचं ते कळत नाही. तुमच्या गाळणीतून नेमके तेच गळून जातील." हे खोटं नाही. मीही त्याच वयाची आहे, बोट भलतीकडे लागतं हे मला ठाऊक आहे. पण त्यातून निष्कर्ष काय निघतो? ज्याला "हो" लिहिता येत नाही, त्याला स्पॅमच्या खणातलं पत्र शोधता येतं का? बावीस पानांची पीडीएफ फोनवर उघडून, दोन बोटांनी मोठी करून सतरावं पान वाचता येतं का? म्हणजे त्याच्यापर्यंत आपण आजही पोचत नाही, फक्त यादीतल्या नावामागे ते लपवतो. अशा माणसाला फोन करा. तीस कार्यकर्ते आहेत, प्रत्येकाने रोज दोन फोन केले तर दोन महिन्यांत सगळी यादी होते. फोनवर "हवं" म्हणाला की तेही "हो"च. आणि फोन केल्यावर कळेल की कोण आजारी आहे, कोणाचा पत्ता बदलला, कोण या जगात राहिलंच नाही. दिवंगत सभासदांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवणारी पत्रं मी पाहिली आहेत. त्यांच्या घरच्यांना काय वाटत असेल!

काही गळतील, हे मला मान्य आहे. तरीही गाळावं. पट खरा असला तरच शिकवणं खरं होतं.

पत्र सुधारायचं म्हणजे काय, हेही सांगून टाकते. नुसती टीका करून थांबणं माझ्या पेशाला शोभत नाही.

पत्राच्या विषयाच्या ओळीत "अंक ३७" असं लिहू नका. अंकाचा आकडा तुमच्या कपाटासाठी असतो. "हयातीचा दाखला: ३० नोव्हेंबरपर्यंत द्या" असं लिहा. "धक्कादायक बातमी!" असलं काही लिहून आत पापडाची जाहिरात ठेवू नका. एकदा फसलेला वाचक दुसऱ्यांदा दार उघडत नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पहिल्या तीन ओळींत सांगा. सत्कार नंतर.

मजकूर युनिकोड मराठीत, सरळ पत्रातच लिहा. चित्रात किंवा पीडीएफमध्ये कोंडलेली अक्षरं मोठी करताना दमछाक होते, आणि पुढे काही शोधायचं तर सापडत नाही. शिवाय जीमेल शंभर केबीच्या थोडं पुढे गेलेलं पत्र मध्येच कापतं, तेव्हा पत्र आटोपशीरच हवं.

ठरल्या तारखेला पाठवा. महिन्यातून एकदा म्हटलं तर एकदाच. बातमी नसेल तर चार ओळींचं पाठवा, पण पानं भरायला सुविचार घालू नका.

नाव काढण्याची सोय वरच, ठळक अक्षरात द्या. जाणाऱ्याला अडवू नका. जो सहज जाऊ शकतो, तो पुष्कळदा थांबतो.

आणि शेवटी प्रत्येक पत्रात वाचकाला एक खरा प्रश्न विचारा, आणि आलेल्या उत्तराला उत्तर द्या. माणसाने माणसाला. यंत्राने पाठवलेलं "आपला संदेश मिळाला, धन्यवाद" नको.

हे सगळं केलं तर साडेतीन हजारांचे कदाचित सहाशे उरतील. अहवालात ते वाईट दिसेल. प्रायोजक नाक मुरडतील. नाक मुरडू देत! त्या सहाशेंतला पंच्याऐंशीचा एकटा माणूस एक नोव्हेंबरला सकाळी पत्र उघडेल, पहिली ओळ वाचेल आणि बँकेत जाऊन सही करून येईल. मला तेवढा वाचक पुरे आहे.

बैठकीत माझी सूचना "पुढे विचारासाठी" ठेवली गेली आहे. या शब्दांचा अर्थ मला तेहतीस वर्षांच्या नोकरीत चांगला कळला आहे. म्हणून पुढच्या बैठकीला मी यादीतल्या पहिल्या शंभर जणांना स्वतः फोन करून, कोण हवं म्हणालं आणि कोण नको, त्याची वही घेऊन जाणार आहे. आत्तापर्यंत एकेचाळीस झालेत. त्यातल्या एकोणीस जणांना असं काही पत्र येतं, हेच ठाऊक नव्हतं.